मी वर बघत नाही, टीचर

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो, हे महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. विषय ठरलेले : बसथांबा, भाजीबाजार, रेल्वे फलाट, पावसातला रस्ता. उत्तरंही ठरलेली. छत्रीवाला पुरुष, कडेवर मूल घेतलेली बाई, काठी टेकत निघालेले पाठमोरे आजोबा, मागे झाड, बाजूला अर्धी बस. मुलं ही माणसं घरी घोटतात आणि परीक्षेत कागदावर उतरवतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, त्यामुळे पालकही मागे लागून घोटून घेतात. मी नवी मुंबईत चित्रकला शिकवते. ती छत्री आणि ते आजोबा मीही शेकडो मुलांच्या हातात बसवले आहेत.

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर आठवी-नववीच्या मुलांना मी वेगळा विषय दिला. रोजच्या येण्या-जाण्यातली अशी एक जागा काढा, जिथे तुमचे पाय आपोआप भरभर पडतात. परीक्षेचं काही नाही, गुण नाहीत, नाव लिहायचं तर लिहा. वर्गात बराच वेळ कुजबुज झाली आणि मग कुजबुज थांबली.

नववीतली एक मुलगी थोड्या वेळाने दुसरा कागद मागायला आली. मग तिसरा, मग चौथा. चारही कागद तिने उभे, एकाखाली एक चिकटवले. स्टेशनखालचा सबवे होता. तो सबवे मीही रोज ओलांडते, दीड मिनिटाचा रस्ता आहे. तिच्या चित्रात तो बाकाच्या बाहेर लोंबत होता. आणि त्यात तिने फक्त जमीन काढली होती. फरशीची चौकट न् चौकट, खचलेल्या फरशीत साचलेलं पाणी, नाल्यावरची लोखंडी जाळी, कोपऱ्यातले पिंकेचे डाग, कुणाच्या तरी अंथरुणाची कड, पुढे चाललेल्या चपलांच्या टाचा. गुडघ्याच्या वर काहीच नव्हतं. मी विचारलं, "माणसं कुठे आहेत गं?"

"मी वर बघत नाही, टीचर."

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पेन्सिलीला टोक नाही म्हणावं, तसं म्हटलं. चौदा वर्षांची मुलगी दिवसातून दोनदा एका सार्वजनिक जागेतून जाते, तिथली जमीन तिला तोंडपाठ आहे आणि तिथलं एकही तोंड तिला ठाऊक नाही. कुठल्या पोलीस ठाण्याच्या वहीत याची नोंद होईल?

होणार नाही, कारण भीतीला कलम नसतं. कलम कृत्याला असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलाग करणं हा कलम ७८ खाली गुन्हा आहे, बाईचा अपमान करणारे शब्द आणि हावभाव कलम ७९ खाली येतात. ही कलमं असायलाच हवीत, आणि ती अधिक नेटाने वापरली जायला हवीत. पण त्या मुलीच्या बाबतीत काही 'घडलेलं' नाही. तिच्या आईने तक्रार द्यायची म्हटली तरी काय लिहून द्यायचं? मुलगी खाली बघून चालते? आपल्या सगळ्या यंत्रणा काहीतरी घडल्यानंतर हलतात. त्याआधीची वर्षानुवर्षं, ज्यात मुलं आपला रस्ता बदलतात, वेळ बदलतात, क्लास सोडतात, मान खाली घालायला शिकतात, ती कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. चित्रात मात्र ती बसतात. त्या चार कागदांत सबवेच्या दिव्यांबद्दल, निचऱ्याबद्दल, लांबीबद्दल आणि तिथल्या पुरुषांबद्दल जितकी माहिती आहे, तितकी मी कुठल्याही पाहणी अहवालात वाचलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मुलांच्या अशा चित्रांना आपण कौतुकाची वस्तू मानणं सोडलं पाहिजे. ती अर्ज आहेत. अर्जाला जसं आवक क्रमांकानिशी उत्तर मिळतं, तसं त्यांनाही मिळायला हवं.

त्या दिवशी तीसेक कागद गोळा झाले. मी ते घरी नेले, जमिनीवर पसरले आणि रविवारभर बघत बसले. एका मुलाने आमच्या जुन्या सेक्टरमधला रस्ता काढला होता. सिडकोच्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये लावलेली झाडं आता तीन-चार मजल्यांच्या उंचीची झाली आहेत. त्याच्या चित्रात झाडांचे शेंडे लखलखीत पिवळे होते, आतून दिवा लावलेल्या कंदिलासारखे, आणि झाडाखालच्या पदपथावर त्याने काळा खडू इतका घासला होता की कागद फाटायला आला होता. मी संध्याकाळी मुद्दाम खाली उतरून बघून आले. अगदी तसंच होतं. विजेचे खांब उंच, दिव्यांची तोंडं गाड्यांच्या रस्त्याकडे, आणि फांद्या दिव्यांच्या खाली. उजेड झाडाच्या डोक्यावर पडतो आणि चालणाऱ्याच्या वाट्याला सावली येते. विद्युत विभागाच्या कागदावर तो रस्ता उजेडातला रस्ता आहे. खांब मोजले तर पुरेपूर भरतील.

मग मी एक वेगळीच मोजणी केली. या सगळ्या चित्रांत चेहरा कुणाकुणाला आहे? बहुतेक माणसं नुसत्या आकृत्या होत्या, काळ्या किंवा पाठमोऱ्या. नाक-डोळे रेखाटलेली माणसं फार थोडी निघाली, आणि त्यातली जवळजवळ सगळी रस्त्यावर काहीतरी विकणारी होती. स्टेशनबाहेरची भाजीवाली मावशी. इडलीवाला अण्णा. चहाच्या टपरीवरचा पोरगा. चपला शिवणारे काका. एका मुलीने भाजीवाल्या मावशीच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा काढलं होतं. कॅमेरा एकाही चित्रात नव्हता. पोलिसांची गाडी एका चित्रात होती, आत माणूस नव्हता.

मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही, पण वाईट वाटलं. कारण याच माणसांना आपण 'अतिक्रमण' म्हणतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यानुसार नगर पथविक्रेता समित्या असायला हव्यात, फेरीवाल्यांच्या जागा ठरवून द्यायला हव्यात. प्रत्यक्षात गाडी येते, टोपल्या उचलते आणि जाते. चालायला जागा हवी हे मला मान्य आहे, त्याच पदपथावरून मीही चालते. पण रात्री साडेआठला क्लास सुटल्यावर जिच्यासमोरून जाताना मुलीचा जीव भांड्यात पडतो, ती मावशी उठवताना आपण त्या रस्त्यावरचा कुठला दिवा विझवतोय, याचा विचार कुणी करतं का? ती मावशी त्या मुलीला ओळखते, "आज उशीर झाला गं?" असं विचारते. खांबावरचा कॅमेरा हा प्रश्न विचारत नाही.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. गुन्हा घडल्यावर माणूस सापडायला त्यांचा उपयोग होतो आणि तो थोडाथोडका नाही. पण कॅमेरा नंतर कामाला येतो, आणि मुलं 'आत्ता'बद्दल बोलत आहेत.

मुलग्यांची चित्रं मी आधी बाजूला ठेवली होती, हे कबूल केलं पाहिजे. सुरक्षितता म्हटलं की डोळ्यांपुढे मुलीच येतात. तुर्भ्याकडच्या वस्तीतून येणाऱ्या एका मुलाने बागेचं फाटक काढलं होतं. फाटकाशी वॉचमन, हातात काठी, आकाराने झाडाएवढा. बाकावर चार मुलं, अंगठ्याएवढी. मी विचारलं तर म्हणाला, "चौघं दिसलो की उठवतात. दोघं असलो तर नाही उठवत. म्हणून आम्ही दोन-दोन करून लांब लांब बसतो." एवढं सांगून तो गप्प झाला. चौदा वर्षांच्या मुलाने मित्रांबरोबर बागेत बसायचं गणित असं सोडवलेलं आहे.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी निरोप येतो : गेटजवळ मुलं बसलेली असतात, वॉचमनला सांगा. कारण नेहमी एकच दिलेलं असतं, आपल्या मुलींची सुरक्षितता. मुलींना टोळक्यांची भीती वाटते, हे खरंच आहे. माझ्या पसरलेल्या कागदांत टोळकी भरपूर होती. पण त्या टोळक्यांतली निम्मी मुलं याच मुलींचे भाऊ आणि वर्गमित्र आहेत, आणि त्यांना हाकलून रिकामा केलेला रस्ता मुलींना आणखी भीतिदायक वाटतो, हेही त्याच कागदांवर लिहिलेलं आहे. कट्टा हा आपला किती लाडका शब्द. ठाण्यात तर कट्ट्यांवर व्याख्यानं होतात. पण कट्ट्यावर बसणारा मुलगा गरीब घरातला असला की आपण त्याला टवाळ म्हणतो, आणि कट्ट्यावर बसणाऱ्या मुलीसाठी आपल्याकडे साधा चांगला शब्दच नाही. ती बसलेली आपण पाहिलीच नाही. ती रस्त्यावर असते तेव्हा कुठून तरी कुठे तरी जात असते. हातात पिशवी, दप्तर, किमान फोन तरी हवा, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला काम असतं.

हे बदलू शकतं, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. दिवाळीच्या पहाटे ठाण्याच्या राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला तरुणांची जी गर्दी लोटते, ती पाहिली असेल त्याला वेगळं सांगायला नको. पहाटेच्या अंधारात घरातून निघालेल्या मुली, नऊवारी, नथ, हातात हात, तासन्‌तास नुसत्या उभ्या आणि हसत. काम काहीही नाही. घरचेही विचारत नाहीत. धक्काबुक्की होते, गर्दीचा गैरफायदा घेणारेही असतात, ते मी नाकारत नाही. पण रस्ता तोच, पोलीस ठाणं तेच, आणि एरवी संध्याकाळी सातनंतर दहा फोन करणारे आईवडीलही तेच. त्या पहाटे मुलींना तिथे असण्याचं कारण द्यावं लागत नाही आणि एकटं असावं लागत नाही. वर्षातल्या उरलेल्या दिवसांचं काय?

बंगळुरूमध्ये जस्मीन पाथेजा यांनी विद्यार्थिदशेत, २००३ साली, रस्त्यावरच्या छेडछाडीविरुद्ध कलेच्या मार्गाने 'ब्लँक नॉइज' हे काम सुरू केलं. त्यांच्या एका उपक्रमात बायका ठरवून सार्वजनिक बागेत जमतात आणि झाडाखाली झोपतात. बस, एवढंच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात काय कला आहे ते कळलं नव्हतं. मग एकदा दुपारी स्टेशनच्या आवारात बसले असताना बाकांवर, पायऱ्यांवर, गाड्यांच्या आडोशाला आडवे झालेले पुरुष मोजले आणि झोपलेली एकही बाई दिसली नाही, तेव्हा उलगडलं. झोप म्हणजे डोळे मिटणं. माझी विद्यार्थिनी सबवेत डोळे उघडे ठेवून नजर खाली नेते, आणि इकडे बायका भर दिवसा बागेत डोळे मिटतात. जागेवरचा विश्वास याहून स्पष्ट कुणी कसा दाखवणार?

नवी मुंबईत रस्त्यावरच्या कलेची कमतरता नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर देशात तिसरं आलं, आणि त्या स्पर्धेच्या निमित्ताने इथल्या पुलांचे खांब, संरक्षक भिंती, सबवेचे जिने सगळं रंगलं. फ्लेमिंगो आहेत, वारली आहे, मासेमारी करणारे आगरी-कोळी आहेत. रंगवलेल्या भिंतीवर लोक थुंकत नाहीत, निदान कमी थुंकतात. हा फायदा छोटा नाही, आणि ज्या मुलांनी उन्हात शिडीवर उभं राहून ती चित्रं काढली त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण माझ्या रोजच्या वाटेवर एक दोनशे मीटर लांब भिंत आहे. एका बाजूला सर्व्हिस रोड, दुसऱ्या बाजूला ही भिंत, मधे अरुंद पदपथ. भिंतीवर पंख लावून आकाशात झेपावणारी मुलगी रंगवली आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत उंच भरारीचा संदेश. त्या पदपथावर संध्याकाळनंतर मी कधीही एकटी मुलगी चालताना पाहिलेली नाही. कारण उघड आहे. दोनशे मीटर एकही दार नाही, खिडकी नाही, दुकान नाही, आत शिरायला फट नाही. कुणी मागे लागलं तर पळायचं कुठे? तिथे भीती त्या भिंतीमुळेच आहे. आपण भीतीच्या कारणावरच मुलीचं चित्र काढलं आणि काम झालं म्हणून फीत कापली.

मुलांना विचारलं असतं तर त्यांनी त्या भिंतीवर काय काढलं असतं? मी विचारलं. एक मुलगा म्हणाला, "दार." बाकीचे हसले, पण त्याचं बरोबर होतं.

या शहराचा आराखडा ज्यांनी मांडला त्यांच्यातल्या एकाला हे नेमकं कळलेलं होतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि ऐंशीच्या दशकात कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बांधलं. सात घरं आणि त्यांच्या मधे साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून त्याहून मोठा एक चौक. आज तिथली कितीतरी घरं पाडून नवी, उंच झाली आहेत, चौकांत गाड्या उभ्या असतात. तरीही चौक आहेत. तिथून येणाऱ्या एका मुलीने त्या दिवशी काय काढावं म्हणून बराच वेळ पेन्सिल चावली. शेवटी तिने चौकाच्या बाहेरचा रस्ता काढला. चौकातून शाळेच्या बसपर्यंतचा. "चौकात पाय भरभर पडत नाहीत ना," ती म्हणाली, "तिथे आज्या असतात." मोठं तत्त्वज्ञान सांगितलं नाही तिने, पण नगररचनेवरची जाड पुस्तकं जे सांगतात ते तिला एका वाक्यात माहीत होतं. आपण मात्र नंतरच्या सेक्टरांत चौक सोडून कुंपणं बांधत गेलो. प्रत्येक सोसायटी आतून सुरक्षित करत गेलो आणि दोन सोसायट्यांमधला रस्ता कुणाचाच राहिला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो गंभीर आहे. लैंगिक अत्याचार बहुतेक वेळा अनोळखी माणसाकडून रस्त्यावर होत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची वर्षानुवर्षांची आकडेवारी सांगते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बदलापूरमध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते रस्त्यावरच्या घटनेसाठी नव्हे, शाळेतल्या घटनेसाठी. मग रस्त्यांची, सबवेची, दिव्यांची एवढी चिंता कशाला?

मी याचा बराच विचार केला आहे, आणि मला वाटतं या आकड्यांवरून उलटाच निष्कर्ष निघतो. आपण मुलींना रस्त्याची भीती दाखवून घरात आणतो. दिवेलागणीच्या आत घरी ये, खेळायला खाली नको, मैत्रिणीकडे नको. म्हणजे जिथे धोका जास्त, त्या चार भिंतींच्या आड आपण तिला सुरक्षिततेच्या नावाखाली परत पाठवतो. जिच्या घरातच काही घडत असेल, तिला बाहेर जायला एक बाग, एक वाचनालय, एक कट्टा नको? जिथे ती दोन तास बसू शकेल, मैत्रिणीशी बोलू शकेल, कदाचित एखाद्या दिवशी सांगूही शकेल? घरातलं सांगायला घराबाहेरची जागा लागते. सार्वजनिक जागा मुलींना मोकळ्या असणं, ही घरातल्या अत्याचाराविरुद्धचीसुद्धा तरतूद आहे. याकडे आपण त्या नजरेने कधी पाहिलं नाही.

म्हणूनच चित्रं काढून घेणाऱ्यांवर एक जबाबदारीही येते. मुलांच्या हातात कागद दिला की कधी कधी आपण न मागितलेलं समोर येतं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे, आणि चित्रकलेची शिक्षिका त्यातून सुटत नाही. 'आम्ही फक्त चित्रं काढतो' म्हणून हात झटकायचे असतील तर हा विषय देऊच नये. मी विषय देताना ठरवलं होतं की कुणालाही 'काय झालं होतं?' असं विचारायचं नाही, फक्त 'इथे काय आहे?' असं विचारायचं. आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर कायमचा लिहून ठेवला. तो अजून आहे.

चित्रांनंतर आम्ही एक छोटी नाटिका बसवली. कल्पना माझी नव्हे. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, वस्त्यांमधली मुलं तिथे आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका करतात. आणि ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची एक पद्धत आहे, ज्यात प्रेक्षक मधेच 'थांबा' म्हणून उठतो, पात्राची जागा घेतो आणि प्रसंग वेगळा वळवून दाखवतो. मुलांनी संध्याकाळची भरलेली बस घेतली. मुलगी उभी, मागे एक माणूस सरकत सरकत येतो. ती पुढे सरकते, तो पुढे सरकतो. बाकीचे फोनमध्ये. प्रयोग शाळेच्या पटांगणात, पालकांसमोर होता.

पहिल्यांदा एक मुलगी उठली, तिने त्या माणसाला जोरात ओरडून दाखवलं. टाळ्या पडल्या. मुलं म्हणाली, हे खोटं आहे, प्रत्यक्षात तिचा आवाज फुटत नाही. मग एक आई उठली आणि तिने मुलीला आपल्या पुढ्यात ओढून घेतलं, काही न बोलता. हे चाललं. मग मागे बसलेले एक पालक उठले. ते बसमध्ये कंडक्टर आहेत. त्यांनी हवेतच दोरी ओढली आणि म्हणाले, "मी एक बेल मारणार. एक बेल म्हणजे गाडी थांबली. डबल बेल माझ्या हातात आहे, मी ती मारल्याशिवाय गाडी हलत नाही. पण मला कळायला हवं ना पोरी." पटांगणात सगळे शांत झाले. बसमध्ये उभ्या असलेल्या 'प्रवाशांपैकी' एक मुलगा, ज्याचं काम फक्त फोन बघायचं होतं, त्याने फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे सांगायचं काम माझं होतं."

बसमधल्या छेडछाडीवर मी पोस्टर स्पर्धा अनेक पाहिल्या, काहींचं परीक्षणही केलं. 'नारी शक्ती', मुठी, ज्वाळा, साखळ्या तुटताना. मोठ्यांनी दिलेलं घोषवाक्य मुलांनी रंगवायचं आणि मोठ्यांनी त्याला बक्षीस द्यायचं. त्यातून आम्हाला कधी कळलं नव्हतं की मुलींचा आवाज फुटत नाही, आईने फक्त जवळ ओढून घेणं पुरतं, आणि बेलची दोरी एका माणसाच्या हातात असते. स्पर्धेचं पोस्टर मोठ्यांना आधीच माहीत असलेलं परत सांगतं. तीच छत्री, तेच आजोबा.

भावना मोजता येत नाही, असं प्रशासन म्हणेल. पण येते. जागा किती सुरक्षित आहे ते मोजणाऱ्या, २०१३ साली सुरू झालेल्या 'सेफ्टीपिन' या ॲपच्या पाहणीत रस्त्याचे दिवे, पदपथ, माणसांची वर्दळ, बायकांची उपस्थिती अशा गोष्टींबरोबर 'इथे तुम्हाला कसं वाटतं' हाही एक निकष धरलेला आहे. दहा-बारा वर्षं हे काम चालू आहे. मग नवी मुंबईची आठ प्रभाग कार्यालयं आपापल्या हद्दीतल्या शाळांकडून वर्षातून एकदा अशी चित्रं का मागवू शकत नाहीत? स्पर्धा नको, प्रमाणपत्रं नकोत, पाहुण्यांच्या हस्ते काही नको. विद्युत विभागाचा एक अभियंता, उद्यान विभागाचं एक माणूस, अतिक्रमण विभागाचं एक आणि त्या बीटचे पोलीस मार्शल, इतक्यांनी एक दुपार काढून ती बघावीत. ज्या जागा पुन्हा पुन्हा येतात तिथे संध्याकाळी मुलांबरोबर चालत जावं. फांदी छाटायची की दिवा खाली घ्यायचा, भिंतीत फाटक कुठे काढता येईल, मावशीची टोपली कुठे बसेल, बागेत चौघांना एकत्र बसू द्यायचं की नाही, हे तिथेच उभं राहून ठरवावं. जे होणार नसेल ते का होणार नाही, ते मुलांना तोंडावर सांगावं. मुलं 'नाही' पचवतात. उत्तरच न येणं त्यांना मान खाली घालायला शिकवतं.

मी सुरुवात केली आहे. चार कागद चिकटवलेलं ते चित्र, मुलीच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने, अर्जासोबत जोडपत्र म्हणून कार्यालयात घेऊन गेले. टेबलावरचे गृहस्थ चांगले होते, पण त्यांना पेच पडला. चित्र आवकमध्ये कसं घ्यायचं? फाइलला बसत नाही. त्यांनी ते उलगडायला सुरुवात केली, टेबल संपलं, मग मी दुसरं टोक धरून मागे मागे सरकत गेले. ते वाकून फरशीवरचे डाग बघत राहिले. "हा आपल्या स्टेशनचा सबवे ना?" त्यांनी विचारलं. शेवटच्या कागदाच्या मागच्या बाजूला शिक्का मारला, क्रमांक लिहिला आणि मला पोच दिली.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. उत्तर आलेलं नाही. येत्या बुधवारी मी पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेला पाच मुली आणि ते दोन-दोन करून बसणारे चौघं बरोबर असतील. शाळा साडेपाचला सुटते, कार्यालय सव्वासहाला बंद होतं. रस्ता सबवेतूनच आहे.